हिरव्या लुगड्यातलं गाठोडं

तुम्ही शेवटची माफी कुणाकडं मागितली होती? बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला म्हणून 'सॉरी' म्हणालात, ते धरू नका. सणासुदीला मोबाईलवरून दोनशे जणांना एकदम पाठवता, तेही धरू नका. ज्याचं खरोखर वाकडं केलं त्याच्या दारात उभं राहून, त्याच्या तोंडाकडं बघून मागितलेली. आठवत नाही ना? दस्तगीर पिंजाऱ्यालाही आठवत नव्हती. आणि तो तर दरसाल न चुकता माफी मागणारा माणूस.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आधी टायरवाला, मग रसवंती, अन् तिच्या पुढं दस्तगीरचं गाद्यांचं दुकान. दुकान म्हणजे पुढं पत्र्याचं शेड, आत कापूस पिंजायची मशीन आणि वर लाकडी माळा. वय अठ्ठावन्न. भुवया कायम पांढऱ्या. त्या वयानं की कापसानं, हे घरच्यांनाही सांगता यायचं नाही. हातात कसब होतं. भरलेल्या गादीवर एकदा तळहात फिरवला की कुठं गोळा राहिला ते डोळे मिटून सांगायचा. आणि राग नाकाच्या शेंड्यावर. गिऱ्हाईक म्हणालं, "चाचा, जरा जास्ती भरा," की हा म्हणायचा, "झोपायचं हाय का कुस्ती खेळायची हाय?" गिऱ्हाईक हसायचं. दस्तगीर हसायचा नाही.

रमजानच्या आधीचा महिना शाबान. बाहेरच्या लोकांना वाटतं, चांद दिसला, दुसऱ्या दिवशी रोजे सुरू, संपलं. तसं नसतं. शाबान लागला की घराघरात हालचाल सुरू होते. बायका मागच्या साली राहून गेलेले रोजे उरकून घेतात. भिंतींना चुना लागतो. मशिदीतल्या चटया धुऊन उन्हात पडतात. दस्तगीर सोमवारी अन् गुरुवारी रोजा धरायला लागतो, म्हणजे पोटाला आगाऊ खबर मिळते. तंबाखूची पुडी एकाची अर्धी होते, अर्धीची पाव. दिवसभर कापसाची धूळ घशात जाते, त्यात पाण्याविना बसायचं, ही चेष्टा नव्हे.

पण हे झालं शरीराचं. मनाच्या तयारीतलं एक काम आमच्या भागात जुनं आहे, त्याला म्हणतात 'कहा-सुना माफ'. रमजानच्या आधीच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारची नमाज झाली की ओळखीपाळखीच्या दारात जायचं, हात पुढं करायचा आणि म्हणायचं, "सालभरात काही बोललो-चाललो असंल तर माफ करा." समोरचा म्हणतो, "तुम्ही पण करा." मनात कुणाबद्दल काही ठेवून त्या महिन्यात पाऊल टाकू नये, ही त्यामागची गोष्ट.

यंदा दस्तगीरला हे काम जड जात होतं. त्याचं कारण माळ्यावर होतं.

मागच्या मे महिन्यात लग्नसराईचा कहर होता. अंतरवालीचे रामराव आणि त्यांची बायको उषाबाई त्यांच्या शीतलच्या लग्नाची गादी भरायला आले होते. कापूस घरचा. पहिल्या वेचणीचा, उषाबाईनं स्वतः वेचलेला, रामरावांनी जिनिंगवर नेऊन सरकी काढून आणलेला. पोरीनं सासरी जाऊन आपल्या रानातल्या कापसावर झोपावं, एवढी एकच उषाबाईची हौस. कापूस एका हिरव्या लुगड्यात बांधलेला होता. "दस्तगीरभाऊ, लुगडं मात्र परत द्या हं," ती जाताना म्हणाली होती. "माझ्या आईचं हाय."

दस्तगीरचं अन् त्या घरचं नातं वीस वर्षांचं. रमजानच्या पहिल्या सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, लागणारं दूध रामरावांच्या म्हशीचं यायचं. कुणी कधी मागितलं नव्हतं, कुणी कधी चुकवलं नव्हतं.

उषाबाई कापूस देऊन गेली त्याच दिवशी एका ढाब्याच्या बारा गाद्यांचं काम दुकानात पडलेलं होतं. त्यात भरायची ती मिलची टाकाऊ रुई, काळपट, रंगीत धाग्यांची. मशीन सकाळपासून चालू. दस्तगीर रोजंदारीच्या माणसांवर ओरडून राह्यला होता, माणसं घाई करून राह्यली होती. ह्या गडबडीत शीतलच्या गादीत काय गेलं, हे त्यानं पाहिलं नाही. वरून हात फिरवला, गोळा लागला नाही, शिवून टाकली.

दोन महिन्यांनी उषाबाई मूठ आवळून दुकानात आली. चार गिऱ्हाइकं बसलेली. तिनं मूठ उघडून गल्ल्यावर ठेवली. काळी रुई, त्यात लाल-निळे धागे.

"हे माझ्या पोरीच्या गादीतून निघालं," ती म्हणाली. "तिची सासू म्हणून राह्यली, 'माहेरचा कापूस लई मऊ सांगत होती ना, बघ तुझा मऊ कापूस.' टाका उसवून बघितला मी. माझा कापूस कुठं गेला, भाऊ? अन् आईचं लुगडं बी न्हाई आलं परत."

आता ह्या जागी शहाणा माणूस म्हणाला असता, थांबा बाई, बघतो. दस्तगीरला चार जणांसमोर विचारलेलं लागलं.

"तीस साल झाले मशीन चालवून," तो म्हणाला. "मला कापूस शिकवायला आल्या? तुमचा कापूस जिनिंगवरच बदलला असंल. रामराव बसले असतील तिथं पान खात. हितं शंभर लोकांची फडकी येतात, तुमच्या लुगड्यावर पहारा देऊ का?"

उषाबाई रुई तिथंच ठेवून निघून गेली. गिऱ्हाइकांमधला एक जण म्हणाला, "बराबर बोलले चाचा." दस्तगीरला त्या वेळेला ते गोड लागलं.

दसऱ्याच्या आधी त्यानं मशीन सरकवून मागची साफसफाई काढली. भिंत अन् मशीन यांच्या मधे रिकाम्या गोण्यांचा ढीग होता. तळाशी हिरवं लुगडं. गाठ तशीच, उषाबाईनं मारलेली. तो गाठोड्याजवळ उकिडवा बसून राहिला. मग उठला, ते उचललं आणि माळ्यावर टाकलं. वरून दोन जुन्या रजया टाकल्या.

उद्या सांगू म्हणाला. उद्याचा परवा झाला, दिवाळी गेली, थंडी गेली. खोटं बोललेलं निस्तरता येतं. पण खोटं बोलताना जो ताठा केला होता, तो उतरवायला शिडी लागते, आणि ती शिडी कुठं मिळते ते दस्तगीरला माहीत नव्हतं. घरात बायको खैरूनबीलाही त्यानं सांगितलं नाही. तिला एवढंच ठाऊक, की अंतरवालीवाल्यांशी भांडण झालंय.

तर तो जुम्मा आला. मशिदीतल्या हाफिजसाबांनी नमाजेआधी नेमका तोच विषय काढला. म्हणाले, अल्लाच्या बाबतीत काही चुकलं, नमाज चुकली, रोजा चुकला, तर अल्लाकडं रडा, तो माफ करणारा आहे. पण माणसाचा हक्क मारला असेल, तर अल्लाही म्हणतो, आधी त्या माणसाकडं जा. तो माफ करेपर्यंत माझ्या दारात तुझी फाईल उघडत नाही.

फाईल हा शब्द हाफिजसाबांचा. ते दस्तगीरच्या मनात जाऊन बसलं. नमाज झाल्यावर चपला शोधायचं नाटक करत तो मागं राहिला.

"हाफिजसाब, एक मसला पुछना था. समझो, किसीकी चीज गलती से अपने पास रह गई. उसके नाम से खैरात कर दी तो चलता?"

हाफिजसाबांनी टोपी नीट केली. "मालक जिंदा है?"

"हौ."

"किधर रहता?"

"बाजू के गाँव में."

"तो खैरात कायको? रिक्षा करो."

दस्तगीर रिक्षा न करता गल्लीत शिरला. चाळीस दारं फिरला. शिंपी, किराणावाला, बांग देणारा मुअज्जन, दोन जावई, टायरवाला, रसवंतीवाला. "सालभरात काही बोललो-चाललो असंल तर..." "अरे चाचा, तुम्ही काय बोलणार, तुम्ही पण करा." कुणी छातीशी धरलं, कुणी खजूर दिला. ज्यांचं काही बिघडवलं नव्हतं, त्या सगळ्यांनी त्याला मोकळ्या मनानं माफ केलं. घरी आला तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं, आजारी माणसानं चुकीचं औषध वेळच्या वेळी घ्यावं तसं.

खैरूनबी दारात तांदूळ निवडत होती. "अंतरवाली को गए क्या जी?"

"वहाँ कायको जाऊँ? वो आए क्या इधर?"

"बीस साल का दूध पिए उनका."

"दूध पिया तो गुलाम हो गया क्या?" तो खेकसला आणि आत गेला.

खैरूनबीनं सूपातला खडा बाहेर फेकला. "चालीस घर फिरे," ती तांदळाला म्हणाली, "और जिस घर जाना था, उधर की सडक खराब."

संध्याकाळी सून सुमैय्या त्याचा मोबाईल घेऊन आली. आता सगळे पाठवतात तसा एक मेसेज तिनं तयार केला होता. वर चांद, मधे मिनार, खाली गुलाबाचं फूल आणि अक्षरं: जाने-अनजाने में मुझसे कोई गलती हुई हो, किसी का दिल दुखाया हो, तो रमजान से पहले माफ करना.

"अब्बा, किस किस को भेजू?"

"सबको भेज."

"सबको?"

"बोला ना एक बार."

सुमैय्यानं सगळ्यांना पाठवला. दोनशे बारा जण होते. त्यात गादीपाटाचं कापड देणारा जालन्याचा व्यापारी होता, गॅसवाला होता, आणि 'रामराव अंतरवाली' होता.

रविवारी सकाळी दुकानापुढं मोटारसायकल थांबली. रामराव अन् मागं उषाबाई, तिच्या मांडीवर दुधाची बरणी. दस्तगीरच्या हातातला दाभण तसाच राहिला.

"दस्तगीरभाऊ," उषाबाई शेडमध्ये येत म्हणाली, "तुमचा मेसेज आल्ता ह्यांच्या मोबाईलवर. मी दोनदा वाचला. मला वाटलं न्हवतं तुमी एवढं मोठं मन करसाल."

रामराव बाजूच्या गादीवर टेकले. ते तसेही कमी बोलणारे.

"आमीच मनात धरून बसल्तो," उषाबाई पुढं म्हणाली. "तुमी म्हणले ते खरंच असंल. जिनिंगवरच बदलला कोणीतरी. ह्यांना म्हणलं मी, तिथं बसून लक्ष ठेवायला काय झाल्तं? सात महिने ऐकवून राह्यले. यंदा कापूस ह्यांच्या हातात दिलाच न्हाई, मी स्वतः गेल्ते जिनिंगला." रामरावांनी नजर वळवून हायवेकडं पाहिलं. "चार लोकांत मी तुमाला बोलले, ते माझं चुकलं. तुमी बी माफ करा."

दस्तगीरच्या डोक्याच्या बरोबर वर माळा होता. नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "झालं गेलं."

"मंग चांद कधी दिसून राह्यला?"

"बुधवारी दिसंल."

"पहिल्या सहरीचं दूध बुधवारी धाडते. हे असंच आणलं, आज." तिनं बरणी गल्ल्यावर ठेवली. सात महिन्यांपूर्वी जिथं रुई ठेवली होती, नेमकी त्याच जागी.

ते गेले. घरी खैरूनबीला कळलं तेव्हा तिनं लगेच चहा टाकला, वेलची घातली, ज्या कपांना पाहुण्यांशिवाय कुणी हात लावत नाही ते काढले. "देखो, एक मेसेज से काम हो गया," सुमैय्या म्हणाली. दस्तगीरनं कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. चहावर साय धरली.

"क्या हुआ जी?" खैरूनबी म्हणाली. "चीनी कम है?"

"शिडी किधर है?" तो म्हणाला.

दोघींना दुकानात नेऊन त्यानं गाठोडं त्यांच्यासमोर खाली काढलं, आणि काय झालं होतं ते सांगितलं. सुमैय्यानं पदर तोंडाला लावला. खैरूनबीनं लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला. ती रागावली नाही, हे जास्त वाईट होतं. तिनं फक्त विचारलं, "और रामराव भाई सात महिने बीवी की सुनता रहा?"

सोमवारी दस्तगीरचा रोजा होता. शाबानचा शेवटचा सोमवार. त्यानं गाठोडं मोपेडच्या मागं बांधलं आणि अंतरवालीला निघाला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते. रस्ता चांगलाच होता.

उषाबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. लुगडं तिला फाटकातूनच दिसलं. ती उठली, आली, पण गाठोड्याला हात लावला नाही.

"हे कुठं होतं?"

"मशीनीच्या मागं. गोण्यांच्या खाली. माझ्याच हातनं झालं, ताई. तुमच्या गादीत ढाब्याची रुई गेली."

"कधी सापडलं?"

ह्या प्रश्नाला तो रस्ताभर भ्यायला होता. "दसऱ्याला."

उषाबाईनं बोटं मोजली नाहीत. "म्हंजी साडेचार महिने तुमाला ठाव होतं. काल मी तुमच्या दुकानात उभी राहून तुमची माफी मागितली, तेव्हा बी ठाव होतं."

"हौ."

"अन् तो मेसेज?"

"तो सगळ्यांना गेल्ता. सुनेनं पाठवला. तुमाला म्हणून न्हाई."

रामराव ओट्यावर बसून ऐकत होते. ते उठले, गाठोड्यापाशी आले, गाठ बघितली. "तुझीच गाठ," ते बायकोला म्हणाले. एवढंच. पण त्या दोन शब्दांत सात महिने होते.

"काल दिलेली माफी मी परत घेते," उषाबाई म्हणाली. "ती फुलाच्या चित्राला दिल्ती. ह्याची माफी अजून कुणी मागितली न्हाई अन् मी दिली न्हाई."

"आता मागतो ना, ताई."

"आता न्हाई. रविवारी शीतल येऊन राह्यली. तिची ती गादी बी टेम्पोत घालून आणायला लावते. हितं अंगणात उसवायची, हाच कापूस भरायचा, मशीनीवर न्हाई, हातानं. अन् तुमच्या दुकानात त्या दिवशी जे बसल्ते ना, 'बराबर बोलले चाचा' म्हणणारे, त्यांना बी आणायचं."

"रविवारी चौथा रोजा असंल, ताई."

"मंग? रोज्यात खरं बोलायला मनाई हाय का?"

दस्तगीरच्या नाकावर राग आला. तो त्याचा त्याला कळला, शिंक यायच्या आधी कळते तसा. त्यानं तो गिळला. रोज्यात गिळायला परवानगी असलेली ती एकच चीज.

बुधवारी चांद दिसला. मशिदीपुढं लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, मुबारक म्हणत होते. दस्तगीर खांबाला टेकून उभा राहिला. हाफिजसाबांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "रिक्षा मिली?" तो म्हणाला, "मिली, लेकिन अभी पहुँचा नहीं." पहिल्या सहरीला अंतरवालीहून दूध आलं नाही. खैरूनबीनं पिशवीतलं दूध तापवलं.

रविवारी तो बापाची कमान घेऊन गेला. ती कमान, जिच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, ठोका मारून हातानं कापूस पिंजतात, तीस वर्षं खुंटीला होती. दुकानातल्या त्या दिवशीच्या चार गिऱ्हाइकांपैकी दोघे सापडले. दोघे मोपेडच्या मागं दुसऱ्या गाडीवर, कशाला नेऊन राह्यले म्हणून कुरकुरत. अंगणात आजूबाजूच्या बायका जमल्या. शीतल आली होती, तिनं गादी स्वतः उसवली. काळी रुई बाहेर पडली. दस्तगीरनं सगळ्यांसमोर सांगितलं: चूक माझी, खोटं माझं, कापूस ह्या बाईचा सोळा आणे खरा. दोन वाक्यांचं काम. घशाला कोरड होती, त्यामुळं दुसरं वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

"चाचा," शीतल म्हणाली, "मी सात महिने सासूशी भांडून राह्यले, की आमचा कापूस असा न्हाई. आता तिला फोटो काढून पाठवते." आणि तिनं खरोखर काढला.

दुपार उतरेपर्यंत कमान वाजत होती. कापूस फुलून अंगणभर झाला. उषाबाईनं कुणी न सांगता गादीपाटाचं दुसरं टोक धरलं. तो घाम पुसायला थांबला तेव्हा रामरावांनी कमान हातात घेतली, दोन ठोके चुकीचे मारले, आणि दस्तगीर सवयीनं खेकसला, "तात तोडता का?" बायका हसल्या.

शेवटचा टाका घातला. त्यानं गादीवर तळहात फिरवला. उषाबाईनंही फिरवला. ऊन कलतीला लागलं होतं, रोजा सोडायला तासभर होता.

"आता मागा," ती म्हणाली. "आता कशाची मागून राह्यले ते तुमाला बी ठाव हाय, मला बी."

त्यानं मागितली. नाव घेऊन, तिच्याकडं बघून. मग रामरावांकडं वळून त्यांची वेगळी मागितली.

"दिली," उषाबाई म्हणाली.

"दिली," रामराव म्हणाले. मग बायकोकडं बघून म्हणाले, "अन् सात महिने मी ऐकलं, त्याची माझ्याकडं कोण मागणार?"

"तुमी गप बसा," ती म्हणाली. पण दस्तगीरनं परत आणलेल्या बरणीत दूध ओतून झाल्यावर ती रामरावांच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसली, आणि काहीतरी हळू बोलली. ते दस्तगीरनं ऐकलं नाही. त्याला उशीर होत होता.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. पुढच्या रमजानच्या आधी, किंवा कुठल्याही सणाच्या आधी, तुमच्याही मोबाईलवर चांद अन् गुलाबाचं फूल येईल, खाली माफ करा लिहिलेलं असेल. लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळे होऊ नका. पाठवणाऱ्याला फोन लावा आणि विचारा: कशाबद्दल?